सातवीच्या वर्गासाठी व्हीआर हेडसेट घ्यावेत का?

पत्र

जिंतूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत मी विज्ञान आणि भूगोल शिकवते. सातवीत ४६ मुलं-मुली आहेत. लोकवर्गणी आणि एका कंपनीच्या मदतीतून शाळेकडे थोडा निधी जमला आहे. एक विक्रेता दहा हेडसेटची 'व्हीआर लॅब' देतो म्हणतो. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर बांधलेल्या हेडसेटमधून चहूबाजूंनी दिसणारं आभासी दृश्य. पाठांची वर्गणी दरवर्षी वेगळी भरायची. त्यानं शाळेत येऊन झुलत्या गाडीची (रोलर कोस्टरची) सफर दाखवली. मुलं हरखून गेली, पण दोघींना मळमळलं, त्यातल्या एकीला उलटी झाली. चष्मा असलेल्या एका मुलाला सगळं धूसर दिसत होतं. आता पालक विचारताहेत, यानं डोळे बिघडतील का? शाळेत वीज जाते-येते आणि इंटरनेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. घ्यावं का? आणि घेतलं तर वापरावं कसं?

एक शिक्षिका, परभणी जिल्हा

उत्तर

मॅडम, सप्रेम नमस्कार.

दहा हेडसेटची लॅब घेऊ नका. घ्यायचेच तर सहा घ्या, आणि तेही वर्षातले कोणते पाठ त्यातून शिकवायचे हे कागदावर लिहून झाल्यावर. व्हीआर हे पाच मिनिटांचं साधन आहे. कोणत्या पाठातली कोणती पाच मिनिटं त्याला द्यायची हे ठरलेलं नसेल, तर पहिले पंधरा दिवस नवलाई चालते आणि पुढे पेट्या मुख्याध्यापकांच्या कपाटात जातात.

पाठ निवडताना एवढंच बघा: जे वर्गात आणता येत नाही आणि वर्ग जिथे नेता येत नाही, तेच हेडसेटमध्ये दाखवायचं. येलदरीचं धरण तुमच्याच तालुक्यात आहे. त्याची भिंत, दरवाजे, वीजघर बघायला सहल न्यावी. नेमगिरीची जैन लेणी तर जिंतूरला लागूनच. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते आणि ती मुलांनी स्वतः सोलून काढलेल्या पापुद्र्यातच बघावी. शाळेत चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक नसेल, तर या निधीतला पहिला खर्च तो करा, हेडसेट नंतर.

याउलट भरती-ओहोटी घ्या. तुमच्या मुलांपासून समुद्र सुमारे चारशे किलोमीटरवर आहे. पाणी किनारा सोडून हळूहळू मागे सरतं आणि सहा-सव्वासहा तासांनी परतायला लागतं, हे पुस्तकातल्या बाणांवरून मनात उतरत नाही. एका जागी रोवलेल्या कॅमेऱ्यानं टिपलेले ते सहा तास दोन मिनिटांत आवळून दाखवले, तर उतरतं. आठवीच्या भूगोलात सागरतळ रचना आहे, पृथ्वीचे अंतरंग आहे. विज्ञानात हृदय आणि रक्ताभिसरण आहे, ग्रहांमधली अंतरं आहेत. मराठवाड्यातल्या मुलाच्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हाच, पण वाहता लाव्हा त्याला कुठल्याच सहलीत बघता येणार नाही. असे वर्षाला चार-पाच पाठ निवडले तरी पुष्कळ झाले.

व्हीआरनं मुलं आपोआप जास्त शिकतात, असं विक्रेता सांगेल. ते खरं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या पॅराँग आणि मेयर या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना रक्तप्रवाह आणि पेशी यांचा एकच पाठ दोन तऱ्हांनी दिला होता. काहींनी तो हेडसेटमध्ये पाहिला, काहींनी साध्या स्लाइडवर. हेडसेटवाल्यांना पाठ जास्त आवडला, पण चाचणीत स्लाइडवाले पुढे राहिले. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग तुमच्या जास्त कामाचा आहे. हेडसेटचा पाठ तुकड्यांत थांबवून प्रत्येक तुकड्यानंतर काय पाहिलं ते लिहायला लावलं, तेव्हा न लिहिणाऱ्या हेडसेटवाल्यांपेक्षा लिहिणाऱ्यांचे गुण वाढले. कारण समजण्यासारखं आहे. चहूबाजूंनी दृश्य असलं की लक्ष दहा ठिकाणी जातं, आणि थांबून जुळवाजुळव करायला सवड मिळत नाही. म्हणून वही आणि पेन्सिल हेडसेटइतकीच आवश्यक धरा.

आता तासिकेचं गणित. ४६ मुलं एका रांगेत लावून सहा हेडसेट फिरवले, तर आठ पाळ्या होतात. एका पाळीला चार मिनिटं बघणं आणि तीन मिनिटं पट्टा नीट करणं, पुसणं, पुढच्याला देणं. म्हणजे ५६ मिनिटं गेली, आणि त्यात चाळीस मुलं सतत वाट बघत बसलेली. वर्ग हातातून जातो तो इथेच.

त्याऐवजी चाळीस मिनिटांच्या दोन तासिका जोडून घ्या आणि चार गट करा, दोन बारांचे आणि दोन अकरांचे. चार ठिकाणी चार कामं मांडा. पहिल्या ठिकाणी हेडसेट, दुसऱ्या ठिकाणी प्रतिकृती किंवा सूक्ष्मदर्शक, तिसऱ्या ठिकाणी पुस्तकातली आकृती बघून वहीत काढणं, चौथ्या ठिकाणी पाठावर प्रश्न तयार करणं. प्रत्येक ठिकाणी १६ मिनिटं. चार फेऱ्यांची ६४ मिनिटं, आधी सूचनांना सहा आणि शेवटी चर्चेला दहा, अशी ८० बसतात. हेडसेटच्या ठिकाणी बारा मुलं जोड्यांनी बसतात. एक बघतो आणि मोठ्यानं सांगतो, 'डावीकडे झडप आहे, ती उघडली, तांबड्या पेशी आत गेल्या.' जोडीदार ते लिहितो. सात मिनिटांनी अदलाबदल, त्यातली चार बघायला आणि तीन पट्टा, पुसणं यांना. दोन पाळ्यांची १४ मिनिटं होतात, दोन मिनिटं जागा बदलायला उरतात. सांगणाऱ्याला बघावं लागतं आणि लिहिणाऱ्याला ऐकावं लागतं, त्यामुळे एकही मूल रिकामं नसतं.

यासाठी दोन मोठी माणसं लागतात. एक फक्त हेडसेटपाशी, दुसरं उरलेल्या तीन ठिकाणी. दुसरे शिक्षक मोकळे नसतील त्या दिवशी हा तास घेऊ नका. आठवीतल्या दोन समजूतदार मुलांना पट्टे बांधायला शिकवलंत तर फार हलकं होतं, पण ती मदतनीस, मोठ्या माणसाच्या जागी नव्हेत.

कोणता हेडसेट, हेही विक्रेत्यावर सोडू नका. फोन खोचून वापरायचे पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे डबे काहीशे रुपयांत मिळतात, आणि शाळेत सहा चांगले फोन असतील तर सुरुवातीला तेही चालतात. पण फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फोन कुठे वळला ते ओळखणारा भाग, हवा. स्वस्त फोनांत तो बऱ्याचदा नसतो, आणि मग मान वळवली तरी दृश्य वळत नाही. तपासायला यूट्यूबवर ३६० अंशांचा कोणताही व्हिडिओ लावा आणि फोन हातात धरून स्वतःभोवती फिरा. चित्र फिरलं तर जायरोस्कोप आहे, बोटानंच सरकवावं लागलं तर नाही. फोनच्या डब्यात दृश्य फक्त मान वळवण्यापुरतं बदलतं. पुढे वाकून बघितलं तरी वस्तू जवळ येत नाही, आणि त्यानंही काही मुलांना मळमळतं. शिवाय फोन पंधरा-वीस मिनिटांत तापतो.

स्वतंत्र चालणारा हेडसेट, म्हणजे ज्यात पडदा, प्रोसेसर, बॅटरी सगळं आतच असतं, तो बाहेरच्या बाजूच्या कॅमेऱ्यांनी खोली बघतो आणि डोकं कुठे आहे ते ओळखतो. मेटा कंपनीचे क्वेस्ट २, क्वेस्ट ३, ३ एस हे या जातीचे, वजन अर्धा किलोच्या आसपास. खोली बघता यावी म्हणून उजेड हवा. दिवे मालवून, खिडक्या लावून दाखवू नका, दृश्य तरंगायला लागतं. चुना दिलेली कोरी पांढरी भिंतही त्याला ओळखता येत नाही, तिच्यावर दोन-चार तक्ते टांगा.

त्या मुलाला धूसर का दिसलं, याची तीन कारणं संभवतात, आणि ती तपासायची पद्धत एकदा हातात बसली की निम्म्या तक्रारी संपतात.

पहिलं, भिंगांमधलं अंतर. क्वेस्ट २ आणि ३ एस वर ते तीन टप्प्यांत सरकतं: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ६३ असतं, म्हणून भिंगं बहुधा मधल्या टप्प्यावर ठेवलेली असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचं त्याहून कमी भरतं, म्हणून सगळे हेडसेट आधी सर्वांत लहान टप्प्यावर आणा. धूसर दिसणं आणि कपाळ दुखणं, दोन्हींचं मूळ पुष्कळदा इथे असतं. मोजायचं असेल तर मुलाला लांब बघायला सांगून भुवयांखाली पट्टी धरा आणि एका बाहुलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अंतर वाचा.

दुसरं, बांधणी. हेडसेट डोळ्यांसमोर किंचित वर-खाली झाला तरी अक्षरं फुटतात. मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली यायला हवा. वजन वरच्या पट्ट्यानं पेलायचं, बाजूच्या पट्ट्यांनी फक्त जागेवर धरायचं. मुलं बाजूचे पट्टे करकचून आवळतात, मग नाक आणि गालांवर वळ उठतात. दोन वेण्या असल्या तर अडचण नसते, पट्टा त्यांच्या वर बसतो. उंच बांधलेली पोनी किंवा अंबाडा मात्र आधी सोडावा लागतो. टिकली काढून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवायला सांगा, नाहीतर ती हेडसेटच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या गादीला चिकटून पुढच्याच्या कपाळी जाते. अष्टगंध, काजळ आणि डोक्याचं तेलही तसंच. तेलाचं बोट भिंगाला लागलं की धुकं पडल्यासारखं दिसतं आणि मूल म्हणतं, 'मॅडम, खराब आहे.'

तिसरं, चष्मा. तो काढायला लावू नका. हेडसेटमध्ये डोळ्यांना साधारण सव्वा ते दोन मीटर अंतरावर बघितल्यासारखं नजर जमवावी लागते, म्हणून अर्धा नंबर असलेल्याला चष्म्याविना चालून जाईल, दोन नंबरवाल्याला नाही. क्वेस्ट २ च्या खोक्यात चष्म्यासाठी एक पातळ चौकट येते, ती गादीच्या मागे बसवली की चष्म्याची काच भिंगावर घासत नाही. चष्म्याची रुंदी १४२ मिलिमीटरच्या आत असेल तर तो आत मावतो. घालताना पुढून आणि मग मागचा पट्टा, काढतानाही आधी पुढून ओढायचं.

आणि एक कारण मुलाच्या हाती नसतंच. ४के म्हणून विकलेला ३६० अंशांचा व्हिडिओ चहूबाजूंना पसरलेला असतो, एका वेळी डोळ्यांसमोर त्याचा साधारण चौथा भाग येतो. म्हणजे ३,८४० ठिपक्यांपैकी हजाराच्या आसपास. तो टीव्हीवरच्या ४के इतका स्वच्छ दिसणारच नाही. चित्र वर-खाली दुहेरी दिसत असेल, तर प्लेअरमध्ये टॉप-बॉटम हा पर्याय निवडायचा राहिला आहे.

उलटीचं कारण तुमच्या पत्रातच आहे, झुलत्या गाडीची सफर. डोळे सांगतात आपण वेगानं खाली चाललो, आतला कान सांगतो आपण बाकावर स्थिर बसलो आहोत, आणि हा मेळ बसला नाही की मळमळ होते. नवख्या मुलांना ही सफर दाखवूच नये. कॅमेरा एका जागी स्थिर असलेली दृश्यंच निवडा. कंट्रोलरनं, म्हणजे हातात धरायच्या बटणांच्या यंत्रानं, सरकत चालण्याचे प्रकार टाळा. मुलांना बसवूनच दाखवा. सतरंजीवर मांडी घालून बसलेलं मूल सर्वांत सुरक्षित, फक्त दोघांमध्ये दोन मीटर मोकळी जागा ठेवा आणि हेडसेटमध्ये वापरायच्या जागेची सीमा आखताना 'स्टेशनरी' (एका जागी बसून) हा पर्याय निवडा. खाली बसल्यावर दृश्य एका बाजूला सरकलेलं वाटलं, तर उजव्या कंट्रोलरचं होमचं बटण दाबून धरा, ते समोर येतं. एका मुलाकडून दुसऱ्याकडे देताना दोन भिंगांच्या मधोमध असलेल्या सेन्सरवर अंगठा ठेवा, म्हणजे हेडसेट झोपी जात नाही आणि पाठ पुन्हा पहिल्यापासून लावावा लागत नाही.

आदल्या दिवशी वर्गात विचारून घ्या, 'एसटीत कोणाकोणाला उलटी होते?' हात वर करणाऱ्यांना पहिल्या वेळी एकच मिनिट द्या. खिचडीनंतर तासभर जाऊ द्या, आणि सकाळपासून उपाशी असलेल्यालाही बसवू नका. जांभया, चेहरा उतरणं, कपाळावर घाम, बोलकं मूल अचानक गप्प होणं, ही उलटीच्या आधीची चिन्हं. लगेच हेडसेट काढा, वाऱ्याला बसवा, लांबचं झाड बघायला सांगा, आणि त्या दिवशी पुन्हा देऊ नका. ज्याला बघायचंच नाही त्याला कोणी चिडवणार नाही याची काळजी घ्या. तो जोडीदाराचं ऐकून लिहील, तरी पाठ पुरा होतो. शेवटच्या तासिकेला हा कार्यक्रम ठेवू नका. काही मुलांना नंतर थोडा वेळ तोल जाणवत नाही, आणि त्यांना सायकलवर घरी जायचं असतं.

आकडी किंवा फेफऱ्याचा त्रास असलेल्या मुलाला, किंवा ज्याला पूर्वी एकदाही झटका आला आहे त्याला, हेडसेट द्यायचा नाही. लुकलुकत्या दृश्यांनी ४,००० मध्ये सुमारे एखाद्याला झटका येऊ शकतो, आधी कधी आला नसला तरी, अशी सूचना उत्पादकच देतात. म्हणून झगमगणारं काहीही निवडू नका. ताप, कान दुखणं, डोक्याला नुकताच लागलेला मार, डोळ्याची अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, या मुलांनाही त्या दिवशी नाही.

पालकांच्या डोळ्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्या. हेडसेटमध्ये वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात, पण नजर मात्र पडद्याच्या ठरलेल्या अंतरावरच जमवून ठेवावी लागते. एरवी या दोन गोष्टी जोडीनं होतात, इथे त्यांची फारकत होते आणि डोळे थकतात. थकवा वेळेनुसार वाढतो. म्हणून एका मुलाला एका दिवसात चार-पाच मिनिटांची एक पाळी, आठवड्यात एकाच दिवशी, एवढंच. मेटानं १० वर्षांखालच्या मुलांना आपला हेडसेट वापरू देऊ नये असं म्हटलं आहे, आणि १० ते १२ वयाला पालकांच्या देखरेखीचं खातं लागतं. तेव्हा पहिली ते चौथीला हे साधन नकोच.

एखादं मूल म्हणेल, मला दोन-दोन दिसतं. एखादं म्हणेल, इतरांना खोल दिसतं ते मला सपाट दिसतं. ती हेडसेटची तक्रार समजून सोडून देऊ नका. तिरळेपणा किंवा एका डोळ्याची कमजोरी अशीच लपलेली असते. नाव लिहून ठेवा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येईल तेव्हा दाखवा, किंवा पालकांना ग्रामीण रुग्णालयात पाठवा. या यंत्रानं एवढं एक काम केलं तरी त्या मुलाचं भलं होईल.

स्वच्छतेत हयगय चालत नाही. कापडी किंवा फोमची गादी घाम आणि तेल पिते, तिच्यावर सिलिकॉनचं आवरण चढवून घ्या. प्रत्येक मुलानंतर अल्कोहोल नसलेल्या ओल्या वाइपनं आवरण पुसा आणि मिनिटभर वाळू द्या. भिंगाला ते वाइप लावायचं नाही, सॅनिटायझर तर कधीच नाही, त्यावरचा लेप जातो. भिंगासाठी कोरडं मायक्रोफायबरचं फडकं, मध्यापासून बाहेर गोल फिरवत. त्याआधी कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीनं धूळ उडवा, कारण काळ्या मातीची धूळ तशीच पुसली तर ओरखडे पडतात. उवांसाठी मुलांना घरून धुतलेला हातरुमाल आणायला सांगा आणि तो डोक्याला बांधून त्यावर पट्टा घ्या. डोळ्यांची साथ असेल त्या महिन्यात सगळं बंद. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर ती किती झपाट्यानं पसरली हे आठवत असेलच.

विजेची तुम्हाला वाटते तेवढी अडचण नाही. एका चार्जिंगला हेडसेट साधारण दोन तास चालतो आणि पूर्ण भरायला अडीच तास घेतो. सहा चार्जर, प्रत्येकी १८ वॉटचे, मिळून १०८ वॉट. हे शाळेचा साधा इन्व्हर्टर सहज ओढतो. परिपाठाच्या वेळी लावले की मधल्या सुट्टीपर्यंत तयार. मध्ये स्पाइक गार्ड घाला आणि रात्री कोणी नसताना चार्जिंगला लावून जाऊ नका.

इंटरनेटचं मात्र आधीच बघावं लागेल. पाच मिनिटांचा चांगला ३६० अंशांचा व्हिडिओ एक जीबीच्या घरात जातो. सहा हेडसेटवर तो एकाच वेळी हॉटस्पॉटवरून चालवायला गेलात तर अडकणारच, आणि अडकत चाललेलं दृश्य मळमळ वाढवतं. गावात जिथे नेट बरं आहे तिथे लॅपटॉपवर एकदा उतरवून घ्या आणि केबलनं प्रत्येक हेडसेटमध्ये टाका. वर्गात नेट लागलंच तर फक्त एका हेडसेटमधलं दृश्य टीव्हीवर दाखवायला, आणि त्यासाठी टीव्ही आणि हेडसेट तुमच्या हॉटस्पॉटला जोडले तरी पुरतं.

उन्हाला जपा. भिंगावर थेट ऊन पडलं तर ते आतल्या पडद्यावर एकवटतं आणि मिनिटभरात कायमचा डाग जळून उठतो. हा वॉरंटीत धरत नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर भिंगं वर करून ठेवलेला हेडसेट म्हणजे गेलाच समजा. मार्चपासून सकाळच्या शाळेत, साडेनऊच्या आत तास उरका. पत्र्याच्या खोलीत दुपारी यंत्र तापतं, चित्र झटके देतं आणि शेवटी स्वतःच बंद पडतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बॅटरी निम्मी भरून, यंत्र पूर्ण बंद करून, पक्क्या छताच्या खोलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. कंट्रोलरमधले सेल काढून ठेवा, ते गळतात.

समितीच्या बैठकीत ठराव घेताना पालकांची लेखी संमती त्यात घाला. हेडसेटला कॅमेरे असतात आणि खातं लागतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. मुलांच्या नावानं खाती काढू नका, शाळेच्या नावाचं एकच ठेवा आणि त्याचा पासवर्ड विक्रेत्याकडे नव्हे, मुख्याध्यापकांकडे असू द्या. यंत्रं डेडस्टॉक रजिस्टरला अनुक्रमांकासह चढवा. केंद्रातल्या इतर शाळांना विचारा. सहा हेडसेटची एक पेटी दोन-दोन आठवडे फिरवायला केंद्रप्रमुख तयार झाले, तर खर्चही वाटला जातो आणि पेटी वर्षभर कामात राहते.

पाठांच्या वर्गणीबद्दल सावध राहा. गूगलची एक्स्पिडिशन्स ही शाळांसाठीची व्हीआर सहल-सेवा जगभरातल्या वर्गांत वापरली जात होती, ती जून २०२१ मध्ये बंद झाली. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, तर छोट्या विक्रेत्याची सेवा पाच वर्षं टिकेलच असं धरू नका. वर्गणी भरली नाही तर आधी उतरवलेले पाठ चालतील का, हे त्याच्याकडून लिहून घ्या. पाठ मराठीत आहेत का, की इंग्रजी आवाजाखाली मराठी अक्षरांची पट्टी (सबटायटल), हे विचारा, कारण हेडसेटमध्ये ती पट्टी वाचता वाचता दृश्य निसटतं. गाद्या, पट्टे आणि कंट्रोलर सुटे मिळतात का, दुरुस्ती कोणत्या गावी होते आणि किती दिवसांत, हेही विचारा.

आणि पैसे देण्याआधी त्याला पुन्हा शाळेत बोलवा. हॉटस्पॉट बंद, झुलती गाडी नाही, सहा हेडसेट, सातवीचा पूर्ण वर्ग आणि तुम्ही निवडलेला भरती-ओहोटीचा पाठ, एवढं जोडून घेतलेल्या दोन तासिकांत करून दाखवायला सांगा. त्याला ते जमलं नाही किंवा त्यानं टाळाटाळ केली, तर बैठकीत दुसऱ्या विक्रेत्याचं दरपत्रक मागवायचा ठराव करा.